रुपयाचे मोल

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव राज्यघटनेमुळे घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्यांचा मूळ विषय अर्थशास्त्र होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी हे कुटुंब मुंबईस परळच्या एका चाळीत राहू लागले. खोली एकच, आणि भोवताली गिरणी कामगारांची वस्ती.

१९१२ साली भीमराव बी.ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस व तेथून लंडनला गेले. पण मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साह्य व मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो रुपयाचा.

पूर्वी कोणीही चांदी टाकसाळीत न्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावे, अशी मुभा होती. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली व रुपयाचे मोल उतरले. सरकारला इंग्लंडातील देणी मात्र सोन्यात फेडावी लागत. त्यासाठी अधिक रुपये हवेत, म्हणजे रयतेवर अधिक कर! म्हणून १८९३ साली सरकारने टाकसाळी लोकांना बंद केल्या. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा ठरला. हुंडणावळ सावरली, परंतु रुपये पाडण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे आला आणि त्यास मर्यादा राहिली नाही.

आंबेडकरांनी नेमके हेच वर्म दाखवले. माल तेवढाच राहून रुपये वाढले, की भाव चढतात. समजा, कल्याणच्या बाजारातील एका हमालाला रोज आठ आणे मिळतात. त्यांत काल चार शेर तांदूळ येत होते, आज तीनच येतात. मजुरी कोणी कापली नाही, तरी घरातले एक शेर अन्न गेले. व्यापाऱ्याच्या मालाला चढा भाव येतो. मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणून रुपयाला लंडनमध्ये किती पेन्स मिळतात यापेक्षा इथल्या बाजारात त्याचे काय येते ते पाहावे आणि चलन काढणाऱ्या सरकारच्या हाताला मर्यादा घालावी, असे त्यांनी मांडले.

हे मांडणे सोपे नव्हते. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली याच पद्धतीचा पुरस्कार केला होता. परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहावयास सांगितला. आंबेडकरांनी तो लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली व प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातील सर्व मते पटली नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

१९२५ साली हिंदी चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग आयोग आला, तेव्हा आंबेडकरांनी त्यापुढे साक्ष दिली. मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस या आयोगाने केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. १९४७ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. त्याला जोडून दुसरा खंड लिहिण्याचा आंबेडकरांचा संकल्प होता. पण ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर तो पुरा झाला नव्हता.