कॅप्टन नोएल शव्हास : जीव वांचविणारा वीर

रणांगणावरील शौर्य म्हटलें म्हणजे शत्रूचा संहार करणारा योद्धा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ज्यांचें चरित्र आम्ही आज प्रिय वाचकांस सादर करीत आहों, त्यांस ब्रिटिश सैन्यांतील शौर्याचें सर्वांत थोर पदक दोन वेळां मिळालें, आणि दोन्ही वेळां तें माणसांचे प्राण वांचविल्याबद्दल मिळालें.

नोएल शव्हास यांचा जन्म ता. ९ नोव्हेंबर १८८४ रोजीं इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहरीं झाला. ख्रिस्तोफर हा त्यांचा जुळा भाऊ. त्यांचे वडील धर्मोपदेशक असून इ. स. १९०० त ते लिव्हरपूलचे बिशप झाले. ईश्वरभक्ति व दीनांची सेवा ह्यांचे धडे मुलांस घरींच मिळाले. दोघे बंधु चपळ धांवणारे होते, इ. स. १९०८ त लंडन येथील ऑलिम्पिक सामन्यांत ते ४०० मीटरांच्या शर्यतींत धांवले. पुढें नोएल हे डॉक्टर झाले.

इ. स. १९१४ त महायुद्ध सुरू होतांच ते लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीचे डॉक्टर म्हणून फ्रान्सांत गेले. ता. ९ ऑगस्ट १९१६ रोजीं गियमाँ गांवाजवळ त्या पलटणीची मोठी हानि झाली. शव्हास यांनीं दिवसभर गोळ्यांच्या वर्षावांत जखमी शिपायांची शुश्रूषा केली, आणि रात्रीं चार तास शत्रूच्या फळीसमोर हिंडून पडलेल्यांचा शोध केला. दुसऱ्या दिवशीं एका जखमीस ५०० यार्ड वाहून आणतांना त्यांच्या स्वतःच्या कुशींत तोफगोळ्याचा तुकडा शिरला. तरी त्याच रात्रीं वीस स्वयंसेवक घेऊन ते पुन्हा गेले, व शत्रूच्या खंदकापासून केवळ २५ यार्डांवरील खड्ड्यांतून तिघांस त्यांनीं सोडवून आणिलें. मृतांच्या घरच्यांस निश्चित वर्तमान कळावें म्हणून त्यांच्या ओळखीचे बिल्लेही त्यांनीं गोळा केले. सुमारें वीस जणांचे प्राण वांचले. ह्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला.

इ. स. १९१७ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं त्यांचा धाकटा भाऊ एडन युद्धांत नाहींसा झाला. हें दुःख उरीं असतांच ता. ३१ रोजीं बेल्जम देशांत ईप्र शहराजवळ मोठी लढाई जुंपली. आरंभींच एका जखमीस आणतांना शव्हास यांस भारी जखम झाली. त्यांनीं ठाणें सोडलें नाहीं. दोन दिवस बहुतेक उपाशीं, थकव्यानें व जखमेनें क्षीण झालेले असे ते वारंवार बाहेर जाऊन जखमींस शोधीत राहिले. शेवटीं पुन्हा प्राणांतिक जखम होऊन ता. ४ ऑगस्ट रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, ते प्रभूजवळ गेले. त्यांच्या मरणानंतर तेंच पदक त्यांस दुसऱ्यानें देण्यांत आलें. दोन्ही वेळां हें पदक त्याच महायुद्धांत मिळविणारे ते एकटेच होत.

बंधुजनहो, आपल्यापुढें तोफा नाहींत. परंतु ज्या रोग्याच्या दारांत पाऊल टाकण्यास शेजारी भितात, त्याचें घर आपल्याही गांवीं असेल. तेथें रात्रीं जाणाऱ्यास कोणी पदक देत नाहीं, आणि शव्हास हेही पदकासाठीं अंधारांत गेले नव्हते.

ब्रांडहूक येथील त्यांच्या कबरेच्या शिळेवर दोन क्रॉस कोरिले आहेत, व खालीं योहानाच्या शुभवर्तमानांतील १५ व्या अध्यायाचें १३ वें वचन आहे. तें त्यांच्या वडिलांनीं निवडिलें. आज सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं आपण तें उघडून वाचावें.