दह्याची क्रेझ आणणारा शास्त्रज्ञ, ज्याला पोटातले जिवाणू शत्रू वाटायचे

परवा किराण्याच्या ॲपवर दूध मागवत होतो, तर खाली लगेच प्रोबायोटिक ड्रिंकची छोटी बाटली दिसली. चुकून तिच्यावर टॅप झालं. मग काय, आठवडाभर फोनवर दही, गोळ्या आणि 'गट हेल्थ'च्या रील्स! वैतागून मी शोधायला लागलो, की पोटासाठी जिवाणू विकत घ्यायची ही कल्पना मुळात कुणाची? उत्तर मिळालं इल्या मेचनिकॉफ. आणि गंमत अशी, की आपल्या पोटात आधीपासून राहणाऱ्या जिवाणूंवर या माणसाचा प्रचंड राग होता.

मेचनिकॉफ १८४५ मध्ये खार्किवजवळ जन्मला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला. डोकं तल्लख, पण आयुष्य सोपं नव्हतं. पहिली बायको ल्युडमिला लग्नाच्या वेळी क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली, आणि मेचनिकॉफने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. पुढे दुसरी बायको ओल्गा टायफॉइडने गंभीर आजारी पडली, तेव्हा तो पुन्हा खचला. या वेळी त्याने तापाच्या एका रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यातूनही वाचला. आजार आणि मरण या विषयांनी त्याला आयुष्यभर का पछाडलं होतं, ते यावरून लक्षात येतं.

१८८२ मध्ये ओडेसातली प्राध्यापकी सोडून तो कुटुंबासह इटलीतल्या मेसिनाला गेला. एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा घरीच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. समोर तारामाशाचे काचेसारखे पारदर्शक डिंभ होते. त्यांत फिरणाऱ्या पेशी बघता बघता त्याच्या मनात आलं, बाहेरचं काही शरीरात घुसलं तर या पेशी त्यावर तुटून पडत असतील का? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने एका डिंभात टोचले. सकाळी बघतो, तर काट्याभोवती पेशींचा घोळका! परक्याला गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी म्हणजे आपल्या रोगप्रतिकारशक्तीचा मोठा आधार. याच कामासाठी १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिकबरोबर नोबेल मिळालं.

मला वाटतं, इथेच त्याच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं. शरीर म्हणजे किल्ला आणि जिवाणू म्हणजे हल्लेखोर.

१८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हा गडी चक्क कॉलऱ्याचे जिवाणू प्यायला! काहीच झालं नाही. मग आणखी काही जण तयार झाले. त्यांतला एक मरता मरता वाचला. (आज असा प्रयोग केला तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी.) तेच जिवाणू, मग एकाला काही नाही आणि दुसरा मरणाच्या दारात, असं का? मेचनिकॉफने प्रयोगशाळेत पाहिलं, की काही जिवाणू शेजारी असले तर कॉलऱ्याचा जिवाणू जोमाने वाढतो आणि काहींच्या शेजारी तो दबतो. म्हणजे पोटात आधीपासून राहणारे बाहेरच्या शत्रूला रोखू शकतात, हे त्याला दिसलं होतं!

एवढं दिसूनही त्याने वाट उलटीच धरली. तो डार्विनला मानणारा होता. माणसाचं मोठं आतडं म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेली अडगळ, असं त्याचं मत झालं. सस्तन प्राण्यांना शत्रूपासून पळताना थांबावं लागू नये म्हणून मळ साठवायची ती जागा. माणसाला तिचा उपयोग नाही. तिथले जिवाणू अन्न कुजवतात, त्यातून विषं रक्तात जातात आणि आपण लवकर म्हातारे होतो. पोपटासारख्या पक्ष्यांचं मोठं आतडं अगदी तोकडं असतं, तरी ते दीर्घायुषी असतात, हा त्याचा पुरावा. बल्गेरियात म्हाताऱ्यांची संख्या जास्त आणि तिथे दही भरपूर खातात, हे त्याने ऐकलं होतं. मग उपाय ठरला: दह्यातले आंबवणारे जिवाणू खायचे आणि कुजवणाऱ्यांना हुसकून लावायचं. तो स्वतः कित्येक वर्षं रोज आंबवलेलं दूध घ्यायचा आणि न शिजवलेलं काही खायचा नाही.

१९०४ मध्ये म्हातारपणावरच्या त्याच्या व्याख्यानानंतर युरोपात दह्याची लाट आली. १९१९ मध्ये बार्सिलोनात डॅनोन सुरू झाली, पुढे जपानात याकुल्ट आलं. दोघांमागेही त्याचीच प्रेरणा. याची काळी बाजूही आहे. लंडनचा सर्जन आर्बुथनॉट लेन तर साध्या बद्धकोष्ठासाठी लोकांची मोठी आतडी कापून काढू लागला.

मेचनिकॉफ १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. पाच वर्षांनी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याचा आवडता बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही. आला तसा निघून जातो. दही वाईट आहे असा याचा अर्थ नाही हं! पण त्यातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले असतात, आपल्या पोटात घर करायला नाही.

मग पोटात घर केलेले कोण? शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक त्याच 'अडगळीत'. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. मेचनिकॉफने उत्क्रांतीचा हिशोब फक्त शरीराचा मांडला. पण शरीर बदलत असतं, तेव्हा भाडेकरूही बदलत असतात, आणि त्यांची नवी पिढी काही तासांत येते. लाखो वर्षं एकत्र राहिल्यावर दोघं एकमेकांच्या मापाचे होत जातात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आईचं दूध. त्यात अशा गुंतागुंतीच्या साखरा असतात, ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. मग आईचं शरीर त्या बनवायला एवढी ताकद का घालवतं? कारण त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियासाठी असतात. त्या खाऊन ते वाढतात आणि आतड्यात इतरांना शिरकाव करू देत नाहीत. मधल्या मध्ये एक पाहुणा जेवतो आणि बाळाची राखण होते.

२०१६ मध्ये संशोधकांनी माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या विष्ठेतल्या जिवाणूंचे जनुक तपासले. जिवाणूंच्या दोन कुटुंबांची वंशावळ या चौघांच्या वंशावळीशी जुळली. म्हणजे पूर्वज वेगळे झाले तेव्हा त्यांचे जिवाणूही वेगळे झाले, आणि हे सुमारे दीड कोटी वर्षं चालू आहे. तिसऱ्या एका कुटुंबातले जिवाणू मात्र एका प्राण्यातून दुसऱ्यात गेल्याचं दिसलं. सगळेच भाडेकरू इतके निष्ठावान नसतात.

जुळलेल्या दोन कुटुंबांपैकी एक बिफिडोबॅक्टेरियाचं. तो जिवाणू अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेतून १८९९ मध्ये पहिल्यांदा वेगळा केला आंरी तिसिये या डॉक्टरने. कुठे, माहितीये? पॅरिसला, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच. मेचनिकॉफ तेव्हा तिथेच काम करत होता.