बाबासाहेबांची जयंती आणि गावची विहीर

१४ एप्रिलला शहाड परिसरात मिरवणुका निघतात, निळे झेंडे लागतात. त्याच सुमारास विहिरींचं पाणी तळाला गेलेलं असतं. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते आज पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ सालचा, महू येथला. वडील गोरेगावला नोकरीला होते. १९०१ च्या सुमारास त्यांना भेटायला लहानगा भीमराव घरातल्या मुलांसोबत निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन, बैल स्वतः हाकत पोरं निघाली. डबा सोबत होता, पण पाणी कुणी दिलं नाही. पोरं रात्रभर तहानलेलीच राहिली.

हाच मुलगा परदेशात शिकून मोठा झाला आणि २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेला. तळं सार्वजनिक, तरी हक्कासाठी कोर्टात लढावं लागलं. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली बाजूने लागला.

आपण शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. १९३७ साली खोती रद्द करण्याचं बिल कायदेमंडळात मांडलं आणि १९३८ साली कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईला नेला. पुढे मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या पाणी योजनेलाही त्यांनी हातभार लावला. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

मग जयंतीला आपण काय करावं? मिरवणूक संध्याकाळी असतेच. सकाळचे तीन तास गावच्या विहिरीला द्या. प्रत्येक आळीतून, प्रत्येक वाड्यातून दोन माणसं यावीत. कठड्याची डागडुजी करा, भोवतालचं सांडपाणी लांब वळवा, पावसाआधी गाळ काढा. मात्र जुन्या, बंद विहिरीत विषारी वायू असू शकतो. जाणत्या माणसाशिवाय कुणी आत उतरू नये. गाळ बांधावर टाकायला चांगला, पण जिथे कारखान्याचं पाणी मुरतं तिथला गाळ शेतात नेऊ नका. उल्हासच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

काम झालं की त्याच विहिरीचं पाणी सगळ्यांनी एका भांड्याने काढून, एका पंगतीत बसून प्यावं. पाणी पिण्याजोगं आहे का, हे आधी ग्रामपंचायतीकडून तपासून घ्या. आणि कुणाला विहिरीवर यायला अजून संकोच वाटत असेल, तर त्याच्या घरी जाऊन आधी त्यालाच बोलवा. हारापेक्षा हे मोलाचं आहे.