आचार्य प्रफुल्लचंद्र राय

कलकत्त्याच्या अपर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या घराच्या गच्चीवर एका हिवाळ्यांत जनावरांचीं हाडें वाळत घातलीं होतीं. अवकाळीं पाऊस आला, हाडांस चिकटलेलें मांस कुजलें, कावळ्यांनीं तें शेजाऱ्यांच्या घरांत नेऊन टाकलें. शेजारी संतापले. हा उपद्व्याप करणारे गृहस्थ प्रेसिडेन्सी कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत असत! हाडांच्या राखेपासून त्यांना औषधी क्षार करावयाचा होता. पुढें हाडें माणिकतल्याच्या मोकळ्या जागेंत रात्रीं जाळूं लागले, तों पोलिसांस खुनाचा संशय आला.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजीं राडुली येथें झाला. हें गांव आज बांगलादेशांत आहे. एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी घेऊन ते परतले व १८८९ मध्यें कॉलेजांत रुजू झाले. पदवीधर तरुण कारकुनीसाठीं वणवण हिंडतात आणि औषधें मात्र विलायतेहून येतात, हें त्यांस सलत असे. १८९२ मध्यें सात-आठशें रुपयांच्या भांडवलावर राहत्या घरींच त्यांनीं ‘बेंगॉल केमिकल’चा आरंभ केला.

कॉलेज सुटलें कीं ते तडक भट्टीजवळ जात. आरंभीं दुकानदार देशी माल घेईनात. तेव्हां डॉ. अमूल्यचरण बोस या मित्रानें डॉक्टरमंडळींचें मन वळविलें; अडुळसा, कुडा, ओवा यांचीं औषधें बाजारांत आलीं. परंतु सतीशचंद्र सिंह हा तरुण सहकारी काम करतांना विषारी आम्लानें दगावला, आणि १८९८ मध्यें अमूल्यचरणांस प्लेगनें नेलें. सारा भार एकट्या प्रफुल्लचंद्रांवर पडला.

अध्यापक व्यापारांत शिरला म्हणजे संशोधन मागें पडतें, ही भीति अगदींच खोटी नाहीं. येथें मात्र तसें झालें नाहीं. याच धांवपळींत, १८९६ मध्यें, त्यांनीं पाऱ्याचें मर्क्युरस नायट्राइट हें संयुग प्रसिद्ध केलें. १९०१ मध्यें कारखान्याची मर्यादित कंपनी झाली.

त्याच सुमारास गांधीजी कलकत्त्यास नामदार गोखल्यांकडे उतरले होते. शेजारच्या प्रफुल्लचंद्रांची ओळख गोखल्यांनीं करून दिली ती अशी कीं, यांस दरमहा आठशें रुपये मिळतात, त्यांतले चाळीस हे स्वतःसाठीं ठेवतात.

१९१६ मध्यें ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजांत गेले. साठी झाल्यावर, १९२१ पासून, त्यांनीं आपला सर्व पगार रसायनशाखेसाठीं विद्यापीठासच दिला. कारखाना १९८० मध्यें सरकारी मालकीचा झाला. मालक मात्र अखेरपर्यंत सायन्स कॉलेजांतील एका खोलींतच राहत असत. तेथेंच १६ जून १९४४ रोजीं त्यांचें देहावसान झालें.