मुळांसाठी हवेची फट ठेवणारे गेरिक

मातीविना शेतीचा विषय निघाला की विल्यम फ्रेडरिक गेरिक यांचे नाव येतेच. १८८२ साली जन्मलेले गेरिक बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वनस्पतींच्या पोषणाचा अभ्यास करत. क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवण्याची युक्ती त्यांची नव्हे. जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी ती १८६०च्या सुमारास वापरली होती, पण प्रयोगशाळेतल्या बरण्यांपुरती. तिच्यातून विक्रीजोगे पीक काढता येईल, असे गेरिक यांनी १९२९मध्ये मांडले. पुढे त्यांचे टोमॅटो २५ फूट उंच चढले आणि वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. या शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव १९३७मध्ये त्यांनीच रूढ केले.

जो तो द्रावणाचे सूत्र विचारू लागला. खरी मेख मात्र टाकीच्या बांधणीत होती. उथळ टाकीवर तारेची जाळी, जाळीवर लाकडाच्या भुश्यासारख्या पदार्थाचा थर, त्यात रोप आणि खाली द्रावण. थर आणि द्रावण यांच्यामध्ये फट राखलेली. मुळांची टोके पाण्यात, वरचा भाग दमट हवेत.

मुळेही श्वसन करतात आणि साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन ती लवकर संपवतात. गुदमरलेले मूळ तपकिरी, बुळबुळीत होते आणि पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांच्या तावडीत सापडते. पिथियमचे बीजाणू चक्क पोहतात, त्यामुळे सामाईक टाकीत एका रोपाची कूज शेजाऱ्यांना लागते. उन्हाळा तर वैरीच. लिटरभर पाण्यात २० अंश सेल्सियसला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढलेली असते.

विद्यापीठाने सूत्र मागितले, तेव्हा हे काम आपण स्वतःच्या वेळेत केले, असे सांगून गेरिक यांनी ते दिले नाही. हा हट्ट त्यांना महागात पडला. विद्यापीठाने डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांना पडताळणीस बसवले. त्यांनी १९३८च्या पुस्तिकेत द्रावणाची कृती सर्वांसाठी खुली केली, मुळांना हवा मिळण्यावर भर दिला आणि उत्पन्न चांगल्या जमिनीपेक्षा जास्त येत नाही, असेही नोंदवले. गेरिक विद्यापीठ सोडून गेले. १९४०मध्ये त्यांनी आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली, पण तोवर होगलँड यांचे नाव द्रावणाला कायमचे चिकटले होते. १९७०मध्ये गेरिक यांचे निधन झाले.

आता जर्बेरा असो की गुलाब, द्रावणात वाढवताना पंपाने बुडबुडे सोडतात, टाकी झाकून अंधारी आणि गार ठेवतात, नवे पीक घेण्याआधी ती निर्जंतुक करतात. पंप नसेल तिथे पाणी जसजसे उतरेल तसतशी मुळांभोवती हवा राहू देतात. हवाईतील बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत गेरिक यांची ती फट अजून आहे.