काळोखातही स्वर्गावर भरवसा : बाळ येशूची संत तेरेजा

दर रविवारी मिस्साबलिदानात आपण उभे राहून आपल्या विश्वासाचा अंगीकार करतो आणि अखेरीस मृतांचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांवरील श्रद्धा प्रकट करतो. सवयीने हे शब्द ओठांवर सहज येतात. परंतु घरात एखाद्याचे दीर्घ आजारपण चालू असते, जपमाळ हातात असूनही अंतःकरण कोरडेच राहते, तेव्हा हेच शब्द जड होतात. आपला विश्वासच आटला की काय, अशी शंका मनाला चाटून जाते. अशा प्रसंगी आम्हांला आठवण होते ती १ ऑक्टोबर रोजी जिचा सण आपण साजरा करतो, त्या बाळ येशूच्या संत तेरेजाची. हातात गुलाबाची फुले घेतलेली तिची प्रसन्न प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. मात्र त्या प्रसन्न मुखामागे आयुष्याच्या अखेरच्या दीड वर्षात किती दाट काळोख दाटला होता, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असते.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसों या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी होते, तर आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय सांभाळत असे. या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली आणि पाच मुली जगल्या. तेरेजा सर्वांत धाकटी. एवढी लेकरे मातीआड केलेल्या त्या आईने देवाला बोल लावला नाही. आपली बाळे हरवलेली नसून स्वर्गात आपली वाट पाहत आहेत, या श्रद्धेने ती आपली दैनंदिन कामे करीत राहिली. त्या घरात स्वर्ग हा दूरचा विषय नव्हता. कुटुंबातील निम्मी माणसे जणू तेथे आधीच जाऊन पोहोचली होती. २८ ऑगस्ट १८७७ रोजी कर्करोगाने झेलीही निवर्तली, तेव्हा तेरेजा अवघी साडेचार वर्षांची होती.

त्यानंतर हे कुटुंब लिझ्यू या नगरात राहावयास गेले. रविवारी संध्याकाळी वडिलांचा हात धरून घरी परतताना लहानगी तेरेजा आकाशातील तारे न्याहाळीत असे. मृगनक्षत्रातील ताऱ्यांच्या रांगेत तिला फ्रेंच लिपीतील आपल्या नावाचे आद्याक्षर दिसे. आपले नाव स्वर्गात लिहिलेले आहे, असे ती मोठ्या आनंदाने वडिलांना दाखवी.

१८८७ साली प्रांझिनी नावाच्या खुनी माणसाला मृत्युदंडाची शिक्षा झाली. त्याला पश्चात्ताप झाल्याचे कोणतेही चिन्ह दिसत नव्हते. चौदा वर्षांच्या तेरेजाने त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना केली. अखेरच्या क्षणी त्याने क्रुसाचे चुंबन घेतल्याचे वर्तमानपत्रात वाचून तिच्या डोळ्यांत अश्रू आले. स्वर्ग एकट्याने मिळवावयाचा नसतो, हे तिला तेव्हाच उमगले. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी रोम येथे तिने पोप लिओ तेरावे यांच्या चरणांशी बसून पंधराव्या वर्षी कार्मेल मठात प्रवेश मिळावा, अशी विनंती केली. पोप महोदयांनी निर्णय वरिष्ठांवर सोपविला. पुढे बिशपांची अनुमती मिळाली आणि ९ एप्रिल १८८८ रोजी लिझ्यूच्या मठाचे दार तिच्यासाठी उघडले.

मठातील जीवन म्हणजे शांतीचा सुखद प्रवास नव्हता. लाडक्या वडिलांचे मानसिक संतुलन ढळले व १८८९ साली त्यांना कां येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तीन वर्षांहून अधिक काळ ते तेथे होते. मुली एकामागून एक मठात गेल्यामुळेच त्यांची ही अवस्था झाली, अशी कुजबुज गावात चालू होती. ती मुलींच्याही कानी येई. १८९४ साली त्यांचे निधन झाले.

या सर्व काळात तेरेजाने कोणतेही मोठे कार्य केले नाही. प्रार्थनेच्या वेळी शेजारची भगिनी सतत काहीतरी खुडबुड करी. तेरेजाने तो आवाजच प्रार्थना म्हणून देवाला अर्पण केला. कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून मळके पाणी चेहऱ्यावर उडे. ती मागे सरली नाही. जिचा सहवास मनाला नकोसा वाटे, त्या भगिनीशी ती अधिक प्रेमाने हसून बोले. स्वर्गाकडे नेणारा तिचा हाच तो लहान मार्ग : देवाच्या दयेवर बालकासारखा भरवसा आणि हातातील क्षुल्लक काम प्रीतीने करणे.

मग १८९६ सालचा पवित्र सप्ताह उजाडला. पवित्र गुरुवारच्या रात्री ती बिछान्यावर पडताच तिच्या तोंडात काहीतरी उष्ण दाटून आले. दिवा मालवलेला होता. तिने तो पुन्हा लावला नाही. सकाळपर्यंत वाट पाहिली. उजेडात रुमालावर रक्त दिसले. तो क्षयरोग होता. तेवीस वर्षांच्या त्या तरुणीला भय वाटले नाही, उलट आनंद झाला. ज्या घराची बालपणापासून ओढ होती, तेथून आता बोलावणे आले, असेच तिला वाटले.

परंतु अवघ्या काही दिवसांत, पुनरुत्थानकाळाच्या आनंदात सारी ख्रिस्तसभा न्हाऊन निघत असताना, तिच्या अंतःकरणातील दिवाच विझला. स्वर्गाचा विचार, जो आजवर तिचा विसावा होता, तोच आता यातना देऊ लागला. मृत्यूनंतर काहीच नाही, पुढे केवळ शून्याची रात्र आहे, असे कोणीतरी आतून हिणवीत असल्यासारखे तिला वाटे. ही परीक्षा काही दिवसांची नव्हती. मृत्यूपर्यंत ती टिकली. मठातील भगिनींना याची फारशी कल्पना नव्हती. तिची स्वर्गावरील गीते वाचून ती दिव्य सांत्वनात बुडालेली आहे, असा त्यांचा समज होई. प्रत्यक्षात ती आपल्याला जे जाणवते ते नव्हे, तर जे मानावयाची आपली इच्छा आहे, ते गात होती.

या काळोखात तिने काय केले, हे आपण लक्षपूर्वक पाहावयास हवे. तिने शंकांशी वाद घातला नाही. शंका उसळली की ती येशूकडे धाव घेई. आयुष्यात पूर्वी केली नव्हती एवढी श्रद्धेची कृत्ये या एका वर्षात केल्याचे तिने नमूद केले आहे. विश्वासांगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून काढला व तो ती हृदयाशी बाळगीत असे. खरोखरच श्रद्धाहीन असणारी माणसे जगात असतात, यावर पूर्वी तिचा विश्वास बसत नसे. आता ती स्वतःला त्यांच्याच पंगतीला बसलेली समजू लागली. तेथील कडू भाकर ती त्यांच्यासाठी खाऊ लागली आणि त्यांनाही प्रकाश लाभावा म्हणून प्रार्थना करू लागली. आजारपणात चालणेही कठीण झाले असताना, दूरच्या एखाद्या थकलेल्या मिशनरी धर्मगुरूसाठी म्हणून ती एकेक पाऊल टाकीत राहिली.

जुलै १८९७ मध्ये तिला मठातील रुग्णकक्षात हलविण्यात आले. १९ ऑगस्ट रोजी तिने शेवटचे ख्रिस्तशरीर स्वीकारले. त्यानंतर आजारामुळे तेही शक्य झाले नाही. असह्य वेदनांत श्रद्धेचा आधार नसलेली माणसे जीवनाला का विटतात, हे तिला स्वानुभवाने कळले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी, क्रुसाकडे पाहत व देवावरील प्रेम व्यक्त करीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने देह ठेवला. स्वर्ग म्हणजे स्वस्थ विश्रांती, ही कल्पना तिला मान्य नव्हती. पृथ्वीवरील माणसांचे भले करीतच आपण तेथील काळ घालवू, अशी तिची आशा होती.

वर्षभराने तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि ते जगभर पोहोचले. १७ मे १९२५ रोजी ती संतपदी विराजमान झाली. १९२७ साली तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासमवेत मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्या झेवियरांनी समुद्र ओलांडले. तेरेजाने मठाची भिंतही ओलांडली नाही. तरी ख्रिस्तसभेने दोघांना एकाच पंक्तीत बसविले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले, तर २०१५ साली तिच्या मातापित्यांनाही संतपद लाभले.

प्रिय बंधुभगिनींनो, स्वर्गाची आशा ही मनाच्या उल्हासावर अवलंबून नसते, हेच तेरेजाचे जीवन आपल्याला सांगते. रुग्णाच्या उशाशी जागणारी मुलगी, पत्नीच्या कबरीवर मेणबत्ती लावूनही मनात रितेपण घेऊन घरी परतणारा वृद्ध, प्रार्थनेत काहीच न जाणवणारा तरुण, हे सारे देवापासून दुरावलेले आहेत असे आपण समजू नये. उद्या पुन्हा औषध वेळेवर देणे, पुन्हा मिस्साला जाणे, मन कोरडे असतानाही विश्वासांगीकाराचे शब्द उच्चारणे, हीच प्रभूची वाट पाहण्याची रीत आहे. दिवा मालवलेल्या खोलीत तेरेजा सकाळची वाट पाहत राहिली. तशीच वाट पाहण्याची कृपा आम्हां सर्वांस लाभावी, म्हणून तिच्या मध्यस्थीची याचना करू या.