टाटाच्या जुन्या पिकअपला पॉवर विंडो बसवताय? मग पिंपरीच्या माळावर कारखाना उभारणारे सुमंत मुळगावकर माहीत पाहिजेत

चाकण-तळेगाव रस्त्यावर पावसाळ्यात पिकअप चालवणाऱ्या कुठल्याही भिडूला विचारा, त्याचं सगळ्यात मोठं दुखणं काय? डिझेल नाही, टोल नाही. डाव्या दाराची काच.

विषय असाय की ड्रायव्हर बसतो उजवीकडे. शेजारी क्लीनर नाही. अचानक सर आली की डाव्या खिडकीतून पाणी थेट सीटवर. काच वर करायची तर हँडल हाताला लागत नाही, गाडी बाजूला घ्यावी लागते, आणि मागून कंटेनरवाले हॉर्न वाजवत येत असतात. कंपनीच्या गेटवर माल उतरवायला नंबर लागला की दर वेळी उतरून पलीकडे जा, काच लावा, दार लॉक करा, मग चलन घेऊन पळा. म्हणून बरेच पिकअपवाले जुन्या गाडीला ॲक्सेसरीजवाल्याकडून पॉवर विंडोचं किट बसवून घेतात. बाहेरून बघणाऱ्याला ती हौस वाटते, पण एकट्याने गाडी चालवणाऱ्याची ती गरज असते.

आता तुम्ही म्हणाल, यात सुमंत मुळगावकरांचा काय संबंध? टाटा सुमोच्या नावातले 'सु' आणि 'मो' त्यांच्याच नावातून आले, एवढं बहुतेकांना माहीत असतं. वॉट्सॲपवर एक गोष्टही फिरते की टेल्कोचे हे साहेब दुपारी जेवायला गायब व्हायचे आणि ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत बसून गाड्यांच्या तक्रारी ऐकायचे. गोष्ट भारी आहे, पण तिच्या नादात माणसाचं खरं काम मागे पडतं. ते काम आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये आजही उभं आहे.

मुळगावकरांचा जन्म १९०६ सालचा, मुंबईचा. इंजिनिअरिंग शिकायला ते लंडनच्या इंपिरियल कॉलेजात गेले. परत आल्यावर काम धरलं सिमेंटच्या धंद्यात. पुढे एसीसी कंपनीत सिमेंट कारखाने उभारणारा आणि चालवणारा इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव झालं. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून मशिनरी येणं अवघड झालं. जे बाहेरून मिळत नाही ते इथेच बनवायचं, हा धडा त्यांनी या काळात गिरवला. मशीन बनवणारी मशीन आपल्याकडे असली पाहिजेत, ही त्यांच्या डोक्यातली गोष्ट इथूनच पक्की झाली असावी असं मला वाटतं, कारण पुढचं त्यांचं सगळं आयुष्य त्याच एका रस्त्याने गेलंय.

१९४९ मध्ये ते टेल्कोत आले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. तेव्हा ही कंपनी जेमतेम चार वर्षांची होती आणि जमशेदपूरला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचं काम करत होती. गाड्यांचा पत्ता नव्हता. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझसोबत पंधरा वर्षांचा करार झाला आणि ट्रक सुरू झाले. जुन्या पिढीतले लोक टाटाच्या ट्रकला अजून 'मर्सिडीज' म्हणतात ते यामुळेच, कारण त्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा असायचा.

असे करार तेव्हा अनेक कंपन्यांनी केले. पेट्यांमधून सुटे भाग मागवायचे, इथे बोल्ट आवळायचे आणि विकायचे, हा सोपा मार्ग होता. मुळगावकरांनी तो धरला नाही. करार संपेपर्यंत भाग इथेच बनले पाहिजेत यावर त्यांचा भर होता. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटाचा 'टी' आला. ट्रक बनायचा थांबला नाही.

या करारातून बाहेर पडायच्या आधीच त्यांनी पुण्याजवळ दुसरा डाव मांडला होता.

१९६० च्या दशकातलं पिंपरी-चिंचवड आज डोळ्यांपुढे आणणं अवघड आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली होती, एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली होती, आकुर्डीला बजाजचं काम सुरू होतं. बाकी गावं, शेतं आणि मोकळा माळ. महापालिका व्हायला अजून बरीच वर्षं होती. तिथे १९६६ च्या सुमारास टेल्कोने पुण्याच्या कारखान्याचं काम सुरू केलं.

आणि इथे मुळगावकरांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही स्टार्टअपवाल्याला वेडेपणा वाटेल. ट्रकचा कारखाना म्हणून जागा घेतली, पण ट्रक बनवायला घेतले नाहीत. पहिल्यांदा उभे केले मशीन टूल, डाय आणि टूलिंगचे विभाग. सोबत पोरांना शिकवायला ट्रेनिंग सेंटर. पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडला तो थेट १९७७ मध्ये. मधली दहा-अकरा वर्षं हा कारखाना मुख्यतः गाडी बनवायची हत्यारं आणि ती हत्यारं चालवणारी माणसं घडवत होता. त्याच काळात माळावर झाडं लावली, तळं केलं. त्या तळ्याला आज सुमंत सरोवर म्हणतात आणि तिथे पक्षी येतात.

डाय म्हणजे काय हे भोसरीतल्या पोराला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. गाडीचं दार पत्र्याच्या सपाट शीटपासून बनतं. ती शीट प्रेसमध्ये दोन भल्या मोठ्या पोलादी साच्यांच्या मध्ये दाबतात. साचा जसा, तसा दाराचा आकार. हा साचा म्हणजे डाय. प्रेस विकत घेता येते, पत्रा विकत घेता येतो, पण डाय परदेशातून मागवायची म्हटली की पैसे जातात, वेळ जातो आणि नवं मॉडेल काढायचं स्वातंत्र्यही जातं. ज्याच्याकडे डाय बनवायची ताकद आहे, तोच स्वतःच्या मनाची गाडी काढू शकतो.

ही ताकद कामाला आली १९८० च्या दशकात. छोट्या ट्रकच्या बाजारात एकदम चार जपानी जोड्या उतरल्या. डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा आणि ऑल्विन-निसान. टाटाकडे तेव्हा मोठे ट्रक होते, छोटा नव्हता. टेल्कोनेही एखादा जपानी पार्टनर शोधला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण १९८६ मध्ये आला टाटा ४०७, इथेच डिझाइन केलेला. पुढे काय झालं ते रस्त्यावर बघा. त्या चारपैकी किती नावं तुमच्या भाजी मार्केटच्या बाहेर उभी दिसतात आणि ४०७ किती दिसतात?

त्यानंतर काही वर्षांतच आलं टाटामोबाइल २०६. पुढे केबिन, मागे हौदा, अशी पिकअप. आज दिसणाऱ्या २०७ सारख्या टाटा पिकअपची ही थोरली बहीण. काचा अर्थातच हँडलच्या.

आणि याच टाटामोबाइलच्या प्लॅटफॉर्मवर १९९१ मध्ये पुण्यातून बाहेर पडली टाटा सिएरा. पुढचा चेहरा बराचसा पिकअपचाच. पण आतमध्ये एसी, टॅकोमीटर आणि काचा खाली-वर करायला बटण. ज्या काळात पॉवर विंडो म्हणजे परदेशी गाडीचं लाड समजलं जायचं, तेव्हा पिकअपच्या सांगाड्यावर बनलेल्या देशी गाडीत त्या कंपनीतूनच बसून आल्या. नव्या सिएराच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. त्यात जुन्या सिएराची छतापर्यंत वळलेली मागची काच सगळे दाखवतात. ती काच मात्र उघडायचीच नाही, बटण होतं ते पुढच्या दारांना.

म्हणजे हँडलवाली पिकअप ते बटणवाली गाडी हा बदल कंपनीने स्वतःच आधी करून दाखवला होता. आज ॲक्सेसरीजवाला तुमच्या पिकअपला करतो तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

तो नेमकं करतो काय? दाराचं पॅड काढलं की आत पोकळी दिसते. त्यात काच उचलणारी यंत्रणा असते, तिला रेग्युलेटर म्हणतात. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा कात्रीसारख्या दोन पट्ट्या असतात. हँडल फिरवलं की दातेरी चाक फिरतं आणि कात्री उघडून काच वर जाते. किटमध्ये हँडलच्या जागी मोटर येते. काही किट जुन्याच रेग्युलेटरला मोटर लावतात, काहींत अख्खा रेग्युलेटर बदलतो. दुसरा प्रकार महाग पडतो, पण माझं मत विचाराल तर त्यातच शहाणपण आहे, कारण पंधरा वर्षं झिजलेल्या दात्यांवर मोटर लावली की ते दाते आधी जातात.

मोटरला जोडून स्क्रूच्या आट्यांसारखा एक गिअर असतो. त्याची गंमत अशी की मोटर काच हलवू शकते, पण काच मोटरला हलवू शकत नाही. म्हणून पॉवर विंडोची काच हाताने दाबून खाली करता येत नाही. वर-खाली होण्यामागे काही जादू नाही, करंटची दिशा उलटी केली की मोटर उलटी फिरते.

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. आपला मूळ प्रश्न होता डावी काच, त्यामुळे तिचं एक बटण डाव्या दारावर आणि दुसरं ड्रायव्हरच्या हाताशी, असं जोडून घ्यायचं. पैसे वाचवायला नुसतं दारापाशी बटण दिलं तर सगळा खटाटोप वाया. वायर दारातून केबिनमध्ये येते ती जागा रोज अनेक वेळा दुमडते, तिथे रबरी नळी पाहिजेच. नाहीतर इन्सुलेशन घासून वायर पत्र्याला टेकते आणि शॉर्ट होते. मोटर अडली की जास्त करंट ओढते, म्हणून स्वतंत्र फ्यूज आणि रिले लावून घ्या. इग्निशनच्या वायरला टॅप मारून काम उरकणारे बरेच असतात, त्यांना तिथेच थांबवा. आणि काचेच्या दोन्ही बाजूंचं रबर चॅनेल कडक झालं असेल तर ते आधी बदला. हँडल जड जातंय म्हणून पॉवर विंडो बसवणाऱ्या निम्म्या लोकांचा खरा आजार हे चॅनेलच असतं, असं मला खात्रीने वाटतं. किट घेताना गाडीचे व्होल्टही बघा. छोट्या पिकअप १२ व्होल्टवर चालतात, मोठे ट्रक २४ वर.

हे सगळं शक्य होतं कारण दार जागच्या जागी बसतं, त्याची पोकळी सगळीकडे सारखी असते आणि एका गाडीला बसलेलं किट त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीलाही बसतं. हातोडीने ठोकून बनवलेल्या दारांना हे जमलं नसतं. ती अचूकता डायमधून येते, आणि डायचं काम माळावर ट्रकच्याही आधी सुरू झालं होतं.

मुळगावकरांच्या घरातली आणखी एक व्यक्ती सांगायलाच हवी. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर. मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी करणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव वरचं आहे. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुमोची गोष्ट सांगताना त्यांना सगळेच विसरतात.

शेवटची वर्षं मात्र साधी गेली नाहीत. जेआरडींनंतर टेल्कोचं अध्यक्षपद मुळगावकरांकडे आलं होतं. १९८८ च्या अखेरीस ते रतन टाटांकडे गेलं. त्याच सुमारास पुण्याच्या कारखान्यात राजन नायर यांच्या नेतृत्वाखालच्या कामगारांचा व्यवस्थापनाशी संघर्ष पेटला होता. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले, पोलिसांनी त्यांना तिथून उचललं आणि संप मोडला. ज्या कारखान्याने माणसं घडवण्यात दहा वर्षं घातली, त्याच कारखान्यातली ही घटना. पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक घरांत त्या दिवसांवरून अजूनही दोन मतं आहेत.

मुळगावकर गेले तेही १९८९ मध्येच. सिएराचं बटण त्यांनी बघितलं नाही, आणि १९९४ मध्ये त्यांच्या नावाची सुमो रस्त्यावर आली तेव्हाही ते नव्हते. चाकणला तर तेव्हा आजच्यासारखे गाड्यांचे कारखानेही नव्हते. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन ही मंडळी तिथे नंतर आली. त्यांना भाग पुरवणारे कितीतरी वर्कशॉप भोसरी-पिंपरीच्या गल्ल्यांत आधीपासून होते, आणि त्यांतल्या अनेकांच्या मालकांनी पहिलं मशीन चालवायला शिकलं ते टेल्कोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये.